पहिला-दुसरा माझा, तिसरा-चौथा मामाचा

मागच्या महिन्यात जावयांनी नवी गाडी घेतली आणि मला पुढच्या सीटवर बसवून नांदेडभर फिरवून आणलं. गाडी चांगली होती, थंडगार होती, बोलतही होती. फक्त तिला गिअरचा दांडा नव्हता. जावई सिग्नलला थांबले की माझा उजवा हात आपोआप उचलला जायचा, दोन सीटांच्या मधे जायचा आणि तिथं काहीच नाही म्हणून लाजून मांडीवर परत यायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर जावयांनी विचारलं, "मम्मी, पाणी हवंय का?" मी म्हटलं, "नको हो, पहिला टाकत होते." ते हसले. त्यांना वाटलं सासूबाईंची गंमत चालू आहे. मागं बसलेल्या लेकीला ही गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे, पण अर्धी गोष्ट सांगून तिनं माझी उगीच थट्टा केली असती, म्हणून ती गप्प बसली ते बरंच झालं. पूर्ण गोष्ट मी इथं लिहिते.

आमचं गाव डोंगरकडा नावाच्या मोठ्या गावापासून आत. केळीच्या बागांमधून कच्चा रस्ता जायचा, त्याच्या शेवटाला आम्ही. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जमीन थोडी, पण घराला लागून मोठं पत्र्याचं शेड होतं आणि त्या शेडमध्ये हळद पॉलिश करायचा ड्रम. हळद शिजवून वाळवून झाली की आसपासचे लोक ती आमच्याकडं आणायचे, मग तो लोखंडी ड्रम दिवसभर गडगड फिरायचा आणि आतली काळपट हळकुंडं एकमेकांवर घासून सोन्यासारखी होऊन बाहेर यायची. ड्रम बंद झाला की कान भणभणायचे आणि शांततेत कोंबड्यांचं बोलणं मोठं वाटायचं. पण खरी गंमत धुळीची. हळदीची धूळ घरात शिरायला तिला दार लागायचं नाही. भांडी पिवळी, देवळीतला दिवा पिवळा, बाबासाहेबांच्या फोटोची काच रोज सकाळी पुसावी लागायची. पांढरी कोंबडी आम्ही पाळून उपयोग नव्हता. आमच्या घरून लग्नाला गेलेला माणूस नवरदेवाच्या आधीच हळदीनं माखलेला असायचा, आणि भिंतीला टेकून बसलेल्या पाहुण्याच्या पाठीवर पिवळा पट्टा बघून लोक ओळखायचे की हा कुणाकडं जेवून आला. जेवण मात्र पाहुण्यांनी लक्षात ठेवावं असंच असायचं. मायच्या हातची येसराची आमटी, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. त्या आमटीसाठी मी आजही नांदेडहून उठून जाईन, फक्त ती करणारी आता नाही.

अशा घरात रतनमामा आला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. लहानपणी हैदराबादला पळाला, तिथं एका हौशी मालकाच्या गॅरेजात जुन्या गाड्या दुरुस्त करत राहिला, लग्नबिग्न त्याला सुचलंच नाही. मालक म्हातारा झाला, गॅरेज बंद करताना त्यानं कामगारांना सांगितलं, आठवण म्हणून ज्याला जे हवं ते घेऊन जा. कुणी कंप्रेसर नेला, कुणी जॅक नेले. मामानं कोपऱ्यात धूळ खात पडलेली दोन दारांची, दोन माणसांची, लाल रंगाची शर्यतीची गाडी मागितली. मालक म्हणे हसला होता. ट्रकमधून ती आमच्या अंगणात उतरली तेव्हा अख्खं गाव जमलं. ती इतकी बुटकी होती की तिच्यात बसायला आधी जमिनीशी दोस्ती करावी लागायची आणि उतरताना विहिरीतून वर आल्यासारखं गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागायचं. मागची कंपनीची अक्षरं गळून पडली होती, त्यामुळं ती कुठल्या देशाची हे आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. गावानं तिचं नाव ठेवलं, बसकी.

मायला बसकी डोळ्यासमोर नको होती. भाऊ इतक्या वर्षांनी आला, त्यानं बायको आणावी, लेकरं आणावीत, आणि यानं आणलं काय? "हे डबडं!" ती म्हणायची. "माझं पाऊल त्याच्यात पडणार न्हाई, लिहून घे." पण उन्हाळ्यात बसकीच्या तापलेल्या बॉनेटवर पापड लवकर वाळतात हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यामुळं गाडीवर राग आणि बॉनेटवर पापड, असा तिचा कारभार चालायचा. मामाला गाडी बाहेर काढायची असली की आधी पापडांची परवानगी काढावी लागायची.

मामानं बसकी हळूहळू जिवंत केली. ती सुरू झाली त्या दिवशी शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. मग दर रविवारी मामा मला घेऊन वारंगा फाट्याला जायचा. तिथं ट्रकवाले हॉटेलातनं बाहेर येऊन बघायचे, मामा चहा प्यायचा, मला भजी, आणि परत. मला त्या गाडीत बसलं की दुनिया ओळखीची वाटायची नाही, कारण सगळं खालून दिसायचं. बैलाचं पोट दिसायचं, बायकांच्या पायातली जोडवी दिसायची. मामाचा सगळा जीव मात्र गिअरमध्ये. रस्त्याकडं तो डोळ्यांनी बघायचा आणि गाडीकडं डाव्या तळव्यानं. दांडा त्यानं कधी मुठीत आवळला नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "शिले, गिअर म्हंजी भाकर. जास्त जोरानं थापली की फाटती, भिऊन थापली की जाड ऱ्हाती. तेवढाच जोर लावायचा." मात्र दांड्याला हात लावायची परवानगी घरात कुणालाच नव्हती. दादांना नव्हती, मला तर नाहीच. हा एवढाच एक नियम मामानं घरात केला होता आणि आम्ही सगळ्यांनी तो मुकाट पाळला. तो पाळला नसता तर पुढचं रामायण लवकर मिटलं असतं.

मी बारावीत असताना मामाच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी दात घासताना तोंड वाकडं झालं आणि डावी बाजू गेली. नांदेडच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून तो घरी आला. पाय लवकर परतला, काठी टेकत तो अंगणात फिरायला लागला, पण डावा हात मागं राहिला. मामा बाजेवर बसून त्या हाताकडं अशा नजरेनं बघायचा, जणू तो हात नाही, घरी आलेला न बोलणारा पाहुणा आहे. या काळात बसकीची जबाबदारी दादांनी आपल्या अंगावर घेतली. दादा मायाळू माणूस, आणि मायाळू माणसाच्या हाती ग्रीसचा डबा देऊ नये. त्यांना वाटलं, गाडी उभी राहून गंजेल. दांड्याच्या मुळाशी जे रबर असतं ते फाटलेलं होतं, त्या फटीतून बोटानं ते दर आठवड्याला ड्रमच्या बेअरिंगचं ग्रीस आत कोंबायचे. "वंगणाला हात आखडू न्हाई," असं त्यांचं ब्रीद. गाडी उभी कुठं, तर शेडमध्ये, ड्रमच्या शेजारी. हंगाम जोरात. त्या वर्षी हळद इतकी आली की शेडमध्ये समोरचा माणूस पिवळ्या धुक्यात दिसायचा.

हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी मामा काठी टेकत शेडमध्ये गेला. गाडीचं दार उघडलं, खाली बसला, क्लच दाबला. बसकीचा हँडब्रेक लागत नसे, म्हणून ती पहिल्या गिअरमध्ये उभी होती. मामानं डावा तळवा दांड्यावर ठेवला आणि ओढला. दांडा हलला नाही. पुन्हा ओढला. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. माय तव्यावरची भाकर उलटायची विसरली. मामानं दांडा सोडला. मग बाहेर आला, दादांना म्हणाला, "दाजी, अजीजभाईला सांगा, घेऊन जा म्हणावं. हात मेला माझा."

अजीजभाई वसमतचे भंगारवाले. टेम्पो घेऊन गावोगाव फिरायचे, आमच्या शेडचे जुने पत्रे त्यांनीच नेलेले. माणूस अघळपघळ, चहा घेतल्याशिवाय सौद्याचं नाव काढायचा नाही. मामानं निरोप धाडला त्या दिवसापासून तो भिंतीकडं तोंड करून झोपायला लागला. जेवायचा, पण चव सांगायचा नाही, आणि मामानं मायच्या आमटीला नावं ठेवली नाहीत की काहीतरी बिनसलंय हे आम्हाला कळायचं. माय रागानं भांडी आदळायची. मला वाटायचं, आता तिला बरं वाटत असेल, डबडं जातंय. पण एकदा शेडमध्ये शिरून तिनं बॉनेटवर हात फिरवलेला मी पाहिला आणि ती मला पाहून म्हणाली, "धूळ झटकून राहिले, काय बघतीस?"

अजीजभाई टेम्पो घेऊन आले. चहा झाला. दोन माणसं बसकीच्या मागं लागली, अजीजभाई म्हणाले, "पैले गिअर निकालो, न्यूट्रल करा, मंग ढकलू." दादा आत बसले. दांडा धरला. ओढला. दादांनी हळदीची पोती आयुष्यभर उचललेली, त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि दांडा जागचा हलला नाही. मग अजीजभाई आत बसले. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, पाय लावायच्या बेतात आले, आणि शेवटी घाम पुसत बाहेर येऊन म्हणाले, "अरे यार, ये तो पक्का बैठ गया. हत्ती लावा हत्ती."

मी उभी होते तिथंच मला काहीतरी लख्ख झालं. मी ओरडले, "अवं पण मंग मामाचा हात काहून मेला म्हणता? तुमच्या चार हातांना जमंना ते त्याच्या एका हाताला काहून जमंल?" आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. त्या दांड्याला मामाशिवाय कुणी हातच लावला नव्हता, म्हणून तो कुणालाच हलत नाही हे कळायला भंगारवाला यावा लागला. मामा बाजेवर उठून बसला होता. त्याचं वाकडं तोंड थोडं सरळ झाल्यासारखं मला वाटलं. तो म्हणाला, "दाजी, तुमी काय घातलं त्याच्यात?" दादा एवढे ओशाळले की ग्रीसचा डबा पाठीमागं लपवला. अजीजभाईंनी सगळा प्रकार समजून घेतला आणि टेम्पोचं फाळकं लावून टाकलं. "जिंदा जानवर मी घेत न्हाई," म्हणाले. "पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो. तवापर्यंत चालली तर ठेवा, न्हाई चालली तर मग देखेंगे." आणि आणखी एक चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाची बाज शेडच्या तोंडाशी आली आणि मी बसकीत शिरले. हात माझे, डोकं मामाचं. आधी दांड्याच्या टोकावरचा गोळा फिरवून काढला, त्याला मायचं पोतेरं गुंडाळून पीळ द्यावा लागला. मग चामड्याचं आवरण, ते नुसतं हात लावल्यावर पापडासारखं तुटलं. खाली फाटकं रबर, त्याखाली एक पत्रा, त्याचे चार स्क्रू. पत्रा उचलला आणि मी हसायलाच लागले. आत खड्डाभर पिवळं पिठलं भरलेलं होतं, वर वाळून कडक झालेलं. दादांचं ग्रीस आणि दादांचीच हळद, दोन्ही जिन्नस घरचे. आठवड्यामागून आठवडा दादांनी आणखी ग्रीस कोंबलं आणि त्यावर आणखी धूळ बसली. नवरीला लावला असता तर महिनाभर उतरला नसता असा लेप तयार झाला होता. मी मायचं उलथनं मागितलं. माय म्हणाली, "माझं उलथनं डबड्यात जाणार न्हाई." मग स्वतःच जुनं उलथनं आणून खिडकीतून आत टाकलं.

खरवडून झालं की रॉकेलचा बोळा. मामा बाजेवरून ओरडायचा, "आधी चिंधी कोंब भोकात! घाण खाली गेली तर अख्खी गिअरची पेटी उघडावी लागंल." मी चिंधी कोंबली. दांडा धरून ठेवणारी एक स्प्रिंगसारखी लोखंडी रिंग होती, ती पेचकसानं उचकटली तशी ती टणकन उडून हळदीच्या ढिगात गेली. दादांनी तो ढीग चाळणीनं चाळला. मग दांडा वर ओढला आणि किडकी दाढ निघावी तसा तो कुरकुरत निघाला. त्याच्या खालच्या टोकाला एक गोल गोळा, आणि तो ज्या वाटीत फिरतो ती नायलॉनची वाटी, तिचे दोन तुकडे. मामानं तुकडे हातात घेऊन एकमेकांना जुळवून बघितले. ही वाटी वारंगा फाट्याला मिळणार नव्हती, नांदेडला मिळणार नव्हती, हैदराबादलाही मिळाली तर नशीब. बाजाराचा दिवस जवळ येत होता.

तेव्हा दादांना आपली चूक भरून काढायची संधी दिसली. आमचा ड्रम ज्या ठोकळ्यांमध्ये फिरायचा ते बाभळीचे होते. एरंडेलात मुरवलेली बाभूळ लोखंडालाही ऐकत नाही, हे दादांच्या वडिलांपासून चालत आलेलं. दादांनी मोडक्या ठोकळ्याचा तुकडा घेतला आणि त्या वाटीच्या मापानं कोरायला बसले. दोनदा चिरला. तिसऱ्यांदा जमला. मग तो एरंडेलाच्या भांड्यात बुडवून चुलीच्या उबेला ठेवला, आणि घरभर असा वास सुटला की सगळ्यांना लहानपणचा एरंडेल प्यायचा रविवार आठवला. इकडं मी माझं शाळेचं रेक्झिनचं दप्तर फाडलं आणि दांड्याच्या आवरणासाठी मायपुढं ठेवलं. माय गोधड्या शिवणारी, तिनं ते न बोलता उचललं आणि बारीक टाके घालून असं शिवलं की मामा म्हणाला, "अक्का, हैद्राबादला असती तर मालकानं तुला ठेवून घेतलं असतं." माय म्हणाली, "गप, दोरा धर."

सगळं परत बसवलं. नवं ग्रीस घालताना दादांना शेडबाहेर काढलं. मामा म्हणाला, "डोळ्यात काजळ घालतीस तेवढंच," मी तेवढंच घातलं. मग पहिल्यांदा, मामाच्या परवानगीनं, मी दांड्यावर तळवा ठेवला. भाकर थापते तेवढाच जोर. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा, चौथा. दांडा असा लोण्यासारखा फिरला की मी शेडमध्येच किंचाळले. दादा बाहेरून विचारत होते, "काय झालं? काय मोडलं?"

मामा गाडीत बसला. त्यानं डावा हात उजव्या हातानं उचलून दांड्यावर ठेवला. दांडा स्वतःकडं घेतला, तिसरा पडला. मागं ओढला, चौथा. त्याचे डोळे चमकले. मग पहिल्यासाठी दांडा आपल्यापासून दूर, डावीकडं ढकलायचा होता. हात थरथरला, बोटं वळली, आणि परत अंगाकडं आली. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा परत आली. पुढं नर्सिंगला गेल्यावर मला कळलं की वारं गेलेल्या हाताला जवळ घेणं आधी जमतं, दूर लोटणं फार उशिरा जमतं, कधीकधी जमतच नाही. पण तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की गिअर दुरुस्त झाला आणि मामाला पहिला टाकता येत नाही, आणि पहिला नाही तर गाडी जागची हलत नाही. मामा हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "अर्धा हात जिता हाये, अर्धा मेलाय. अर्ध्या हातानं काय चालवू?" मला त्याचं ते हसणं बघवेना. मी पळत दुसऱ्या बाजूनं आत शिरले, डाव्या सीटवर बसले आणि माझा उजवा हात दांड्यावर ठेवला. "पैला-दुसरा माझा," मी म्हटलं. "तिसरा-चौथा तुझा. क्लच दाब." मामानं माझ्याकडं बघितलं आणि क्लच दाबला.

ती आमची पहिली फेरी मी विसरणार नाही. अंगणातून निघताना गाडी सशासारखी उड्या मारत गेली, कारण मामा क्लच सोडायचा आणि मी तोवर गिअरमध्ये अडकलेली असायची. कोंबड्या उडाल्या, पापड वाळत घातलेलं जुनं पातळ उडालं, माय ओरडली. केळीच्या बागेपर्यंत पोहोचेतो मामा "आता!" म्हणायचा आणि मी टाकायची. परत येताना त्याला "आता" म्हणायची गरज पडली नाही, त्याच्या पायाची हालचाल मला माझ्या हातात कळायला लागली. बाजाराच्या दिवशी अजीजभाई आले तेव्हा आम्ही त्यांना डोंगरकड्याच्या रस्त्यावरच गाठलं. त्यांनी टेम्पो बाजूला घेतला, खाली वाकून आत बघितलं, एका गाडीत दोन ड्रायव्हर, आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "शाब्बास! एकाचं पोट दुखलं की दुसऱ्यानं बी घरी बसायचं!" ते गमतीनं बोलले होते, पण ती गोष्ट खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत.

मला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. घरात सगळे खूश झाले, दादांनी गावात पेढे वाटले, आणि मी रात्रीच्या जेवणात सांगून टाकलं की मी जाणार नाही. का ते कुणी विचारलं नाही, सगळ्यांना कळलं. रविवारचा वारंगा फाटा, मामाचं परत आलेलं बोलणं, आमटीला नावं ठेवणं, हे सगळं माझ्या उजव्या हातावर चालू होतं. मी गेले तर पहिला कोण टाकणार? दादांना दांड्याजवळ येऊ द्यायला मामा तयार नव्हता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मामानं घास खाली ठेवला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या गिअरसाठी तू घरी बसणार? मंग उद्या सकाळीच बसकी अजीजभाईच्या टेम्पोत. दे, आत्ताच निरोप दे." मी म्हटलं, "दे की." तो म्हणाला, "देतो." आम्ही दोघंही मायच्याच वळणाचे, हट्टाला कमी नव्हतो. माय एवढा वेळ चुलीपाशी पाठमोरी बसून भाकर थापत होती. तिनं वळूनही बघितलं नाही. फक्त म्हणाली, "तिला जाऊ द्या. गाडीबी ऱ्हाऊ द्या. जेवा आता, गार व्हायलंय." तिच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. मला वाटलं, ती नेहमीसारखं भांडण मिटवतेय. मी शेवटी गेले, रडत गेले, आणि यष्टीच्या खिडकीतून मामाकडं बघायचं टाळलं.

वसतिगृहातले ते पहिले दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. वॉर्डात कुणाचा लुळा हात हातात घेतला की मला अंगणातली लाल गाडी दिसायची, बॉनेटवर पापड, आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून झोपलेला मामा. पहिली सुट्टी मिळाली तसं मी घरी पत्र टाकलं आणि त्या शनिवारी डोंगरकड्याला उतरले. हातात कपड्यांची जड पिशवी, मामासाठी भजी, ती गार होऊन तेलकट झालेली. घरापर्यंत चालतच जायचं होतं. मी पिशवी उचलणार तोच चहाच्या टपरीवरचा एकजण म्हणाला, "आली बघा बसकी." आवाज मला आधीच ऐकू आला होता, पण मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

बसकी केळीच्या बागेतून वळून आली आणि माझ्यापुढं थांबली. मामा स्टिअरिंगवर, दाढी केलेला, अंगात इस्त्रीचा सदरा. आणि डाव्या सीटवर माय. पदर कमरेला खोचलेला, पाठ ताठ, नजर समोर रस्त्यावर, आणि उजवा तळवा दांड्यावर. मी वाकून आत बघत राहिले.

"माय? तू?"

"मंग काय कोंबड्या बसवू?" माय म्हणाली. "भाकरीवानीच हाये. उगं बाऊ केला व्हता तुमी दोघांनी."

मामा गालातल्या गालात हसत होता. "अक्कानं पैल्याच दिवशी दुसरा असा टाकला, मला कळलाबी न्हाई," तो म्हणाला. "तुझ्याहून हलका हात हाये."

मी म्हटलं, "बरं, उतर आता. मी बसते, मी टाकते." मायनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, जेवतेस की नाही ते तपासावं तसं, आणि म्हणाली, "काहून उतरू? मला कच्च्या रस्त्यानं चालवून राहिलीस व्हय या वयात? तू ये पायी. तरणी हायेस." मी मामाकडं बघितलं, त्यानं खांदे उडवले. गाडीला सीटं दोनच. मला न्यायला यायचं तर मायनं बसायलाच हवं, आणि माय बसली की मला जागा नाही. हे त्या दोघांना घरून निघतानाच ठाऊक असणार, तरी ती आली होती, मामाला इस्त्रीचा सदरा घालून, मला दाखवायला. मला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला मी हसत सुटले.

"पिशवी दे," माय म्हणाली. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. भजीचा पुडा मामानं स्वतःच ओढून घेतला, डाव्या हातानं, अंगाकडं. मग माय म्हणाली, "क्लच," आणि मामानं क्लच दाबला.

बसकी वळली आणि निघाली. मी तिथंच उभी राहून कान देऊन ऐकत होते. पहिला गेला, दुसरा गेला, जराही कुरकुर नाही. पुढं बागेच्या वळणापाशी आवाज क्षणभर थांबल्यासारखा झाला, मी श्वास धरला, आणि मामाचा तिसरा पडला. मग मी घराकडं चालायला लागले.